मागचं पॅनेल उघडण्याआधी

मिरज, रविवार रात्र

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

परवा फोन मीच आपटला. तू घ्यायला निघालेल्या गिटारच्या अँप्लिफायरच्या किमतीवरून चिडलो असं तुला वाटलं असेल. पैसे तुझ्या कष्टाचे आहेत, त्यावर मी काय बोलणार? पण ‘बिघडला तर मागचं पॅनेल उघडून मीच बघेन, तुमच्याकडूनच शिकलोय,’ असं तू म्हणालास आणि माझ्या छातीत धस्स झालं.

ते राहू दे. तुझ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. व्हॉक्स कंपनीचा एसी-३० हाताने वायरिंग केलेला घ्यावा की साधा, पीसीबीवाला, म्हणजे छापील सर्किटच्या पट्टीचा? तू पाठवलेला फोटो मी चष्मा पुसून तीनदा बघितला. ओळीने चार ईएल ८४, जुन्या रेडिओत असायचे तसले काचेचे व्हॉल्व्ह! तू ज्याला १२एएक्स७ म्हणतोस तो आमचा ईसीसी ८३. दुकानात येणाऱ्या फिलिप्सच्या रेडिओंमधून हेच व्हॉल्व्ह मी वर्षानुवर्षं काढले-घातले. तिकडे इंग्लंडात डार्टफर्डला १९६० च्या सुमारास ज्यांनी हा अँप्लिफायर जुळवला, त्यांच्या आणि माझ्या हातात एकच माल होता. त्या रात्री मला लवकर झोप आली नाही.

आवाजातला फरक तुझे कान ठरवतील. दुरुस्तीतला मी सांगतो. ईएल ८४ भयंकर तापतो, आणि इथे चार एकत्र. सॉकेट थेट पीसीबीवर बसवलेले असतील तर तापून-निवून काही वर्षांनी ड्राय सोल्डर होणारच, म्हणजे सोल्डरचे टाके सैल पडणार. मग कुठे खरखर, कुठे आवाज गायब. हाताच्या वायरिंगमध्ये एकेक रेझिस्टर सुटा काढता येतो, तार डोळ्यांना दिसते. झेपत असेल तर हातचाच घे.

पण तो उघडायला सोपा, म्हणूनच मला नको वाटतो. आत तीनशेच्या वर व्होल्ट असतात आणि प्लग काढला तरी कंडेन्सर ते धरून बसतो. काकाचा अंगठा तू लहानपणापासून बघतोयस. त्या दिवशी त्याने प्लग काढलेला होता. चहा आला म्हणून मी दुकानात होतो, लाकडी स्टुलाने त्याला ढकललं. तुझ्या खोलीत लीड्सला कोण आहे?

उघडायची वेळ आलीच तर एक हात पाठीमागे. आधी मीटर लावून व्होल्ट बघायचे, मग रेझिस्टरमधून डिस्चार्ज करायचं, पुन्हा मीटर लावायचा. स्क्रू ड्रायव्हर आडवा घालून ठिणगी पाडायची नाही. हातातली अंगठी काढायची... पुन्हा सुरू झालं माझं. तू तेहतीस वर्षांचा आहेस, माफ कर.

स्पीकरचं राहिलंच. अँप्लिफायर ३० वॅटचा. ग्रीनबॅक स्पीकर एकेक २५ वॅटचा, दोन म्हणजे भरपूर सवड. अल्निको ब्लू एकेक १५ वॅटचा, दोन मिळून बरोबर ३०, वर काही शिल्लक नाही. तुला ब्लूच हवेत हे मला कळतंय. सतारमेकर गल्लीत तंबोऱ्याची जवारी लावून घेताना तुला शेजारी बसवायचो, आठवतं? घोडीवर सूत सरकवलं की तार एका जागी एकदम बोलायला लागायची. व्हॉल्व्ह भरात आला की सूर तसाच फुलतो, असं तू मला पहिल्यांदा सांगितलंस तेव्हा वाटलं, पोरगं कानाने खरं ऐकतंय. आईलाही लगेच सांगितलं होतं. तुला मात्र कधी बोललो नाही.

आता माझं मत. तो भर यायला अँप्लिफायरचा आवाज बराच वाढवावा लागतो, आणि भाड्याच्या खोलीत ३० वॅटचा आवाज कोण वाढवू देईल? त्यांचाच धाकटा, १५ वॅटचा एसी-१५ बघ, हाताच्या वायरिंगचाच. ईएल ८४ दोनच. वॅट निम्मे झाले तरी आवाज निम्मा होत नाही, तीनच डेसिबलने उतरतो. शिवाय दोन स्पीकरचा एसी-३० बत्तीस किलोच्या आसपास भरतो. तुझी कंबर, आणि तो जिना. व्हॉल्व्ह कमी, उष्णता कमी, उघडायची वेळही कमी येईल.

बघ, फिरून तिथेच आलो. तिथे एखादा जुना मेकॅनिक शोधून ठेव, माझ्या वयाचा. पैसे जास्त घेईल, घेऊ दे.

हे पत्र आईला दाखवलेलं नाही. काकालाही सांगू नकोस.

जो घेशील तो पहिल्यांदा चालू करताना फोन लावून बाजूला ठेव. व्हॉल्व्ह तापेपर्यंत बोलू नकोस, मी थांबेन.

तुझा,
बाबा