बिजोलियाच्या शेतकऱ्यांनाही जागा द्या

महोदय,

रविवारच्या पुरवणीतला मेवाडच्या ठिकाण्यांवरचा, म्हणजे तिथल्या सरदारांच्या जागिरींवरचा, लेख वाचला. त्यांतल्या बिजोलिया ठिकाण्याच्या घराण्याचे मूळपुरुष अशोक परमार १५२७ साली राणा सांगांच्या बाजूने खानव्याला लढले आणि त्यांना ऊपरमाळ भागाची जागीर मिळाली, हे त्यात आले आहे. पण पुढे लेख गढी आणि मंदाकिनी कुंडाजवळच्या देवळांतच रमतो. त्या जागिरीची कोठारे ज्यांच्या कष्टांवर भरत होती त्या धाकड शेतकऱ्यांचा साधा उल्लेखही नाही, याचे फार वाईट वाटले.

पिकाचा निम्मा वाटा ठिकाण्याचा, वर ८४ प्रकारच्या लागबागा, म्हणजे जादा कर, आणि बेगार. १८९७ मध्ये नानजी आणि ठाकरी पटेल हे दोघे तक्रार घेऊन उदयपूरला महाराण्यांकडे गेले, तर बिजोलियाच्या रावांनी, म्हणजे ठिकाण्याच्या प्रमुखांनी, त्यांनाच हद्दपार केले. १९०३ मध्ये राव कृष्णसिंहांनी चंवरी कर बसवला. मुलीचे लग्न काढले की बापाने ठिकाण्यात पाच रुपये भरायचे! शेतकऱ्यांनी मुलींची लग्नेच थांबवली. पुढे शेते पडीक टाकून लोक ग्वाल्हेरच्या हद्दीकडे निघाले, तेव्हा कुठे तो कर गेला. १९०६ मध्ये पृथ्वीसिंह गादीवर आले. नव्या रावाने महाराण्यांना द्यायचा नजराणा म्हणजे 'तलवार बंधाई'. तोही त्यांनी रयतेच्याच माथी मारला. घराण्याचा इतिहास लिहिताना हे वगळून कसे चालेल?

आणि यात आपल्या वर्ध्याचाही वाटा आहे. १९१६ पासून या लढ्याची धुरा वाहणाऱ्या विजयसिंह पथिकांनी १९१९ मध्ये राजस्थान सेवा संघ स्थापला तो वर्ध्यात. जमनालाल बजाजांच्या पाठबळावर १९२० मध्ये 'राजस्थान केसरी' हे वृत्तपत्र निघाले तेही इथूनच. रजपुतान्यातल्या जागिरींमधला जुलूम विदर्भातल्या छापखान्यातून देशापुढे मांडला जात होता. १९२२ च्या तडजोडीत ३५ लागा रद्द झाल्या. पण ठिकाण्याने शब्द पाळला नाही आणि लढा थेट १९४१ पर्यंत चालला.

वर्ध्यातल्या त्या दिवसांवर आपण जाणकारांकडून सविस्तर लेख लिहून घ्यावा आणि 'राजस्थान केसरी'चे जुने अंक कुणाच्या घरी असतील तर त्यांनी कळवावे, असे वाचकांना आवाहन करावे, ही विनंती.

आपला,
एक वाचक, वर्धा