सायटेशनच्या आकड्यामागचं वाक्य उघडायला लावणाऱ्या ग्रंथपाल मॅडमना

आदरणीय ग्रंथपाल मॅडम,
सप्रेम नमस्कार.

गणितज्ञ स्टॅनली ऑशर यांच्या इमेज प्रोसेसिंगमधल्या (संगणकाने चित्रं सुधारण्याच्या) कामाचा सायटेशन-तक्ता, म्हणजे इतरांच्या लेखांत त्या कामाचे उल्लेख कुठे आले याची नोंद, तुमच्या मदतीने पुरा झाला. आभार नेमके कशाबद्दल, ते इथे जाहीरपणे लिहितो आहोत. मुंबईतल्या इतर महाविद्यालयांतही असे तक्ते होतात, त्यांना तुमची पद्धत उपयोगी पडेल.

सुरुवात नोंदी एकत्र करण्यापासून. चित्रातली खरखर (नको असलेले बारीक ठिपके) काढण्याची पद्धत मांडणारा रुडिन, ऑशर आणि फतेमी यांचा १९९२ चा लेख फिजिका डी या नियतकालिकाच्या खंड ६० मध्ये, पृष्ठ २५९ ते २६८ वर आहे. उल्लेख करणाऱ्याने शीर्षकात एखादं संयोगचिन्ह जास्त टाकलं किंवा लेखकाचं आद्याक्षर गाळलं, की डेटाबेसमध्ये वेगळी नोंद तयार होते आणि आकडा विभागला जातो. शीर्षकावर विसंबू नका, साल, खंड आणि पहिलं पान जुळवा, ही तुमची कसोटी शेवटपर्यंत उपयोगी पडली. विषयाची चाळणी लावू नका, हेही तुम्हीच सांगितलंत. फिजिका डी हे भौतिकशास्त्र आणि गणिताचं नियतकालिक. ‘संगणकशास्त्र’ एवढंच निवडलं तर मुख्य लेखच यादीतून गळतो.

तो लेख तिथे का, याचं उत्तर ऑशर यांच्या कारकिर्दीत आहे. ते प्रतिमांकडे आले वायुप्रवाहातल्या आघात-लहरींकडून. आघात-लहरीत दाब एका रेषेवर एकदम उडी घेतो. छायाचित्रात वस्तूच्या कडेवर उजेड तशीच उडी घेतो. ती उडी बोथट न करता आजूबाजूची खरखर काढायची, हा दोन्हीकडचा प्रश्न एकच. १९८८ चा सेथियन यांच्यासोबतचा लेव्हल सेटचा (सरकत्या सीमारेषांचा माग ठेवण्याच्या पद्धतीचा) लेखही संगणकीय भौतिकीच्या नियतकालिकात आहे. २०१४ चं गाउस पारितोषिक मिळालेल्या माणसाचं काम एका विषयाच्या कप्प्यात शोधलं तर अर्धं हाती लागतं.

मॅथसायनेट (गणिताच्या लेखांचा डेटाबेस) आणि गूगल स्कॉलर (सर्व विषयांच्या लेखांचा शोध) यांचे आकडे शेजारी ठेवले तरी बेरीज करायची नाही, आणि प्रत्येक आकड्याखाली डेटाबेसचं नाव नि शोधाची तारीख हवीच. मॅथसायनेट ठरावीक नियतकालिकांच्याच संदर्भयाद्या मोजतं. इमेज प्रोसेसिंगचं पुष्कळसं लेखन परिषदांच्या वृत्तांतात असतं, ते तिथे कमी दिसतं. एच-इंडेक्सचंही तसंच; तो पन्नास म्हणजे किमान पन्नास सायटेशन असलेले पन्नास लेख. तो पन्नास असताना एखाद्या लेखाला ५१ सायटेशन असोत की दहा हजार, त्या लेखाची भर सारखीच.

पण खरे आभार तक्त्यातल्या त्या एका जादा रकान्याचे. प्रत्येक सायटेशनपुढे, ज्या वाक्यात ती आली ते वाक्य वाचून लिहायचं: पद्धत वापरली, तुलनेसाठी घेतली, नुसती प्रस्तावनेत टाकली, की दोष दाखवला. काम कंटाळवाणं, वेळखाऊ आणि अत्यंत गरजेचं. ‘दोष दाखवला’ हा प्रकार सुरुवातीला यादीत नव्हताच. तुमच्या डिजिटायझेशनच्या टेबलावरून तुम्ही विचारलंत, की निर्णयसागर छापखान्याच्या खिळ्यांनी छापलेलं पान या पद्धतीने स्वच्छ केलं तर अनुस्वार कुठे जातात? त्या प्रश्नातून तो आला.

अनुस्वार जातात याचं कारण सूत्रातच आहे. १९९२ ची पद्धत प्रत्येक आकाराकडून परिघाच्या आणि क्षेत्रफळाच्या गुणोत्तरात किंमत वसूल करते. पांढऱ्यावर एकटा काळा गोल धरला, त्रिज्या त्रि पिक्सेल आणि खरखर काढण्याचं वजन (ती किती जोराने काढायची तो आकडा) व, तर काळेपणा २व/त्रि एवढा उतरतो. लांब उभ्या दांड्याची निम्मी जाडी तेवढीच असली तरी तो फक्त व/त्रि उतरतो. आकडे घालून पाहा. शून्य ते एक या मोजपट्टीवर फिकट शाई ०.५, त्रिज्या ३, वजन ०.७५. टिंब पूर्ण नाहीसं, काना मात्र ०.२५ वर शाबूत! ‘चिंता’ची ‘चिता’ होते, आणि दोन्ही शब्द खरे असल्यामुळे शुद्धलेखन तपासणीला काही कळत नाही.

या दोषावरचा एक उपाय २००५ चा, आणि त्याच्या लेखकांत ऑशर स्वतः आहेत. पहिल्या फेरीत जे काढून टाकलं, त्यात खरखरीबरोबर टिंबही असतं. तो काढलेला भाग मूळ चित्रात मिळवायचा आणि पद्धत पुन्हा चालवायची. टिंब परततं, फार फेऱ्या केल्या तर खरखरही परतते, म्हणून मूळ चित्र आणि निकाल यांतला फरक खरखरीच्या अंदाजाइतका उतरला की थांबायचं. वजन सुरुवातीला मुद्दाम जास्त ठेवावं, नाहीतर पहिल्याच फेरीत थांबण्याची वेळ येते.

आता पाहा, २००५ च्या लेखातला १९९२ चा उल्लेख म्हणजे स्व-सायटेशन. शिरस्त्याप्रमाणे स्व-सायटेशन वगळली असती तर स्वतःच्या पद्धतीची उणीव स्वतःच भरून काढल्याचा हा धागा तक्त्यातून पुसला गेला असता. तुम्ही ती वगळू दिली नाहीत, वेगळ्या रंगात ठेवायला लावलीत. त्याबद्दल मनापासून आभार.

सायकिट-इमेज हे चित्रांवर काम करणारं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांची अडचण अजून बाकी आहे. तिथल्या ही पद्धत चालवणाऱ्या फंक्शनच्या नावात गणितज्ञ शाम्बोल आहेत, म्हणून लोक त्यांचा २००४ चा लेख नोंदवतात आणि १९९२ चा राहून जातो. अशा लेखांसाठी तुम्ही सुचवलेला ‘मार्गे’ हा रकाना जोडला आहे. सध्या तो बराचसा रिकामा आहे. भरलेली पानं दर शनिवारी तुमच्याकडे तपासायला पाठवू.

आपले कृतज्ञ,
गणिताचे शिक्षक आणि विद्यार्थी, मुंबई