सुधीरला वाचायला देऊ का?

सांगली,
रविवार, रात्र

प्रिय वैशू,

फोनवर हे बोलता यायचं नाही. तू मध्येच हसशील, मी चिडेन, आणि मुद्दा राहूनच जाईल. म्हणून लिहिते. तब्येत बरी आहे. गुडघा कुरकुरतो, बीपीची गोळी चालू आहे, बस.

परवा दुपारी वन्सं आल्या. मी पलंगावर पडून वाचत होते आणि डोळे वाहत होते. त्यांनी पुस्तक उचललं, चार पानं चाळली आणि म्हणाल्या, "अगं, ही तर चित्रं! जावई यायच्या वयात प्रेमाच्या गोष्टी वाचून रडतेस?" मी चहा टाकायला उठले. पण ते वाक्य काही केल्या डोक्यातून जात नाही.

पुस्तकं ईराची. सुट्टीला आली आणि इथेच ठेवून गेली. रिए आरुगाची 'परफेक्ट वर्ल्ड' ही मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, बारा भाग, इंग्रजीतून. जपानमध्ये 2014 पासून 'किस' नावाच्या मासिकात क्रमशः यायची. उजवीकडून डावीकडे वाचायची, म्हणजे आपलं शेवटचं पान ते त्यांचं पहिलं. आधी शेवट वाचायची तुझी खोड इथे चालायची नाही बघ! दिघेबाईंच्या वाचनालयातल्या त्या कादंबरीचा शेवट तू मला जिन्यातच सांगून टाकलास, ते मी अजून विसरलेले नाही.

तर त्सुगुमी, 26 वर्षांची, इंटिरिअरच्या कंपनीत नोकरीला. कामाच्या लोकांच्या एका पार्टीत तिला शाळेतला आयुकावा भेटतो. तिचं पहिलं प्रेम. तो आता आर्किटेक्ट झालाय, आणि व्हीलचेअरवर आहे. कॉलेजात असताना अपघात झाला, मणक्याला मार बसला. मला वाटलं, आता पानोपानी नुसते सुस्कारे. पण वैशू, त्यात बेडसोर आहेत. बेडसोर, प्रेमाच्या गोष्टीत! जखम चिघळते, ताप चढतो, लघवीवर ताबा नसतो तेही लपवलेलं नाही. आणि नोकरी सांभाळून त्याचं करता करता ती पार थकून जाते. ते थकणं काढलंय गं. आईंची दर दोन तासांनी कूस बदलायची, ती पाण्याची गादी, आणि रात्री तीनला ओट्याला टेकून उभ्या उभ्या डुलक्या घेणारी मी, हे तुझ्याशिवाय कोणी पाहिलंय? "जा, झोप, मी बसते" म्हणालीस तर तुझ्यावरच खेकसले होते. सगळं त्या पानांत दिसलं.

आणि मांडणी कशी असते माहीत आहे? बोलणं फुग्यात, पण बाईच्या मनातलं फुग्याबाहेर, कोऱ्या जागेत, तुटक ओळींत. चौकटच मध्येच गळून पडते आणि नुसता चेहरा उरतो. हात हाताजवळ यायला कधी कधी अख्खं पान जातं. घाई नाहीच. आपल्याकडे आहे का कशाला एवढी सवड?

ईरा सांगत होती, 1970च्या सुमाराला मोतो हागिओ, रियोको इकेदा अशा विशीतल्या बायकांनी मुलींच्या मांगाचं रूपच पालटून टाकलं. त्या वाचून वाढलेल्या मुली पुढे नोकऱ्यांना लागल्या, लग्नं झाली, तरी वाचायच्या थांबल्या नाहीत. मग 1980 पासून खास त्यांच्यासाठी मासिकं निघायला लागली. वाचणारीचं वय वाढलं तशी गोष्टही मोठी झाली. 'किस'मध्येच 2004 साली 'होतारू नो हिकारी' सुरू झाली. तिच्यातली होतारू ऑफिसात टापटीप, आणि घरी आली की ट्रॅकसूट, डोक्यावर केसांची शेंडी, व्हरांड्यात बिअर. प्रेमात पडण्यापेक्षा घरी लोळणं बरं म्हणणारी. आणि नशिबाने राहायची वेळ येते ती साहेबाबरोबर, एकाच घरात! तो तिचा सगळा अवतार बघतो, रागावतो, आणि तरी त्याला तीच आवडते. वन्संना वाटतं मी देखण्या हिरोसाठी वाचते. अगं, विशीत वाचलं असतं तर आपण दोघींनी आयुकावाचे केसच पाहिले असते. आता मी बघते ते समोरच्याचं लक्ष. तिचा चेहरा उतरलाय हे त्याला कळतं आणि तो विचारतो.

आणि इथेच माझं अडलंय. सुधीर वाईट नाही, तुला माहीत आहे. आईंना उचलायला तो असायचा, औषधं आणायचा, डॉक्टरांकडे तोच धावायचा. पण "तू दमलीस का गं?" हे त्याने एकदाही विचारलं नाही. त्याने विचारायला हवं होतं हे तेव्हा माझ्याही लक्षात आलं नाही. आता आलंय, आणि ते मिटत नाही. आई जाऊनही काळ लोटला. आता हे काढलं तर त्याला वाटेल जुना हिशेब मागतेय. मला हिशेब नको. त्याने एकदा विचारावं, एवढंच.

आणखी एक. त्सुगुमीचे वडील या लग्नाला ठाम नाही म्हणतात. मला त्यांचा इतका राग आला! आणि रात्री मनात आलं, उद्या ईराने असा मुलगा आणला तर? तो कितीही चांगला असला तरी आधी मला ती पाण्याची गादीच दिसेल. मी काय म्हणेन, खरंच सांगता येत नाही. तुला येतं का?

फ्लॅटचा ताबा मिळाला का? भावजींची बदली रद्द झाली हे नंदूकडून कळलं, बरं झालं. चिन्मयच्या निकालाचं कळव. लोणचं पाठवते, यंदा मीठ बेताचं आहे.

आता तू सांग, पहिला भाग सुधीरला वाचायला देऊ, की सरळ बोलू? तो इंग्रजी पेपर वाचतो, हे वाचायला काय हरकत आहे? पण उत्तर पत्रानेच दे. फोन नको, तो शेजारीच बसलेला असतो.

तुझी,
मंजू