पावसाळ्यात मॉडेल किट रंगवताना

महोदय,

पावसात मुलांना घरबसल्या उद्योग म्हणून प्लॅस्टिकचे मॉडेल किट आणले जाते आणि पहिल्याच स्प्रेला विमानावर पांढुरकी झाक चढते. बोल रंगाला लागतो; खरी करामत हवेची. स्प्रेतले थिनर झपाट्याने उडते, त्याने पृष्ठभाग गार पडतो आणि दमट हवेतले पाणी ओल्या रंगात उतरते. ठाणे काय, वाशी-ऐरोली काय, जुलैत खाडीकाठी आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर सहज जाते. ७० च्या वर लॅकर प्रायमर, म्हणजे रंगाआधीचा झटपट वाळणारा अस्तराचा थर, मारूच नये. उघडीप गाठावी. एसीतले गार भाग तडक गॅलरीत नेले तर चष्म्यासारखे त्यांवरही दव धरते, म्हणून ते आधी अर्धा तास बाहेर ठेवावेत.

धुण्याचा बहुतेकांना कंटाळा. साच्यातले तेलकट द्रव्य आणि बोटांचा घाम राहिला की रंग कडा झाकायला लावलेल्या टेपबरोबर सोलून येतो. कोमट पाणी, भांड्यांच्या लिक्विडचे दोन थेंब, जुना टूथब्रश. मग न पुसता वाळवावे.

प्रायमर १५ ते २० सेंटीमीटरवरून, हात चालता ठेवून मारावा. पहिला हात इतका विरळ, की खालचे प्लॅस्टिक दिसावे. दहा मिनिटांनी दुसरा. फार जवळून मारला तर विमानाच्या पत्र्यांचे जोड दाखवणाऱ्या कोरीव बारीक रेषा बुजतात, लांबून मारला तर थेंब हवेतच वाळून भाग खरखरीत होतो. राखाडी प्रायमर चुगलखोर असतो, हाच त्याचा गुण: विमानाच्या दोन अर्ध्या भागांच्या जोडावरची केसाएवढी फट उघड्या प्लॅस्टिकवर दिसत नाही, राखाडी थरावर लगेच उमटते. तिथे पुट्टी भरून ६०० नंबरचा सँडपेपर पाण्यात भिजवून फिरवावा, पुन्हा प्रायमर. लाल-पिवळ्या रंगाखाली मात्र पांढराच हवा.

चिकटवायच्या कडांवर रंगाआधी मास्किंग टेप (रंग न लागू देणारी कागदी टेप) लावावी. मॉडेलचा सिमेंट, म्हणजे त्याचा खास गोंद, प्लॅस्टिक विरघळवून सांधतो. मध्ये रंग आला की सांधा कच्चा राहतो. आणि चूक पुसायला हार्डवेअरच्या दुकानातले एनसी (नायट्रोसेल्युलोज रंगांचे) थिनर घेऊ नये, रंगाबरोबर पंखही विरघळतो.

स्प्रेतला वायू पेट घेतो. गॅलरीला लागून स्वयंपाकघर किंवा देवघर असेल तर शेगडी आणि निरांजन आधी विझलेले असावे. कापडी मास्क वाफ अडवत नाही. कार्बन फिल्टरचाच हवा.

– एक मॉडेलकार, ऐरोली