गेम नव्हे, गाऱ्हाणे ऐकायचे यंत्र

संपादक महोदय,

गेल्या गुरुवारी आपल्या पत्रसदरात एका वाचकाने अभियांत्रिकीच्या मुलांच्या ड्रायव्हिंग सिम्युलेटरला, म्हणजे बसल्या जागी गाडी चालवल्याचा भास देणाऱ्या यंत्राला, 'आईबापांच्या पैशांवर चाललेला व्हिडिओ गेम' म्हटले आहे. मी फोंड्यात सत्तावीस वर्षे लोकांना गाडी शिकवली. शेजारच्या सीटवर बसायचे, पायाखाली दुसरा ब्रेक ठेवायचा आणि देवाचे नाव घ्यायचे, हा माझा धंदा. त्यामुळे गाडी जाग्यावरून न हलवता ड्रायव्हर घडवता येतो, हे मलाही खूळच वाटत होते.

पुतण्याचा मुलगा अशाच एका चमूत आहे. त्यांनी बांधलेली छोटी रेसगाडी कोइमतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर होणाऱ्या फॉर्म्युला भारत या विद्यार्थ्यांच्या स्पर्धेत उतरवायची आहे. आमच्याकडे रेसट्रॅक नाही, आणि पावसाळ्याचे चार महिने मोकळे मैदानही मिळत नाही. म्हणून खांडेपारच्या एका गॅरेजात भंगारातली सीट, लोखंडी चौकट, मोटर लावलेले स्टीअरिंग आणि तीन पडदे असा संसार मांडलाय. मी हौसेने बसलो आणि तिसऱ्याच वळणावर कठड्यात गेलो. मागून पोर ओरडला, "आजो, ब्रेक आनीक दाब!" जन्मभर मी शिष्यांना ब्रेक हळुवार दाबायला शिकवले. इथला पेडल मात्र पाय किती खाली गेला ते पाहत नाही, किती जोर लावला ते मोजतो. फॉर्म्युला वनचे चालक जोरदार ब्रेक मारताना शंभर किलोहून अधिक भार देतात म्हणे. माझी मांडी दहा मिनिटांत थरथरायला लागली. वर मळमळ. डोळे म्हणतात पळतोयस, कानातला तोल म्हणतो बसलायस. दोघांचे भांडण मिटेपर्यंत मला कोकमाचे सरबत घेऊन बाहेर पडवीत बसावे लागले.

मी भजनाला पेटी वाजवतो, म्हणून या विद्येचा उगम ऐकून गंमत वाटली. अमेरिकेतल्या एडविन लिंकच्या वडिलांचा ऑर्गन-पियानोचा कारखाना होता. तिथलेच भाते वापरून त्याने १९२९ मध्ये वैमानिकांना शिकवणारे, जमिनीवरच डोलणारे यंत्र केले. १९३४ मध्ये टपाल नेणारे लष्करी वैमानिक खराब हवेत मरू लागले, तेव्हा सैन्याने ते विकत घेतले. आज मोठ्या सिम्युलेटरांना सहा पायांवर हलणारा पाट असतो. तशी रचना गॉफ नावाच्या अभियंत्याने डनलॉपमध्ये केली, तीही टायर तपासायला. वेग वाढल्याचा भास द्यायचा तर हा पाट सीट मागे कलवतो, मग आपलेच वजन आपल्याला पाठीत रेटते. मुलांकडे तो पाट नाही, आणि माझ्या मते त्यांना आत्ता त्याची गरजही नाही.

गरज कसली, ते मला त्या दुपारी लॅपटॉपवर बसलेल्या मुलीने दाखवले. ड्रायव्हर म्हणाला, "गाडी पुढून वळत नाही." आमच्या काळी मेकॅनिकने एवढ्यावर पाना उचलला असता. तिने विचारले: वळणात शिरताना, मध्यावर, की ॲक्सिलरेटर देताना? त्याला सांगता येईना. तिने त्याला तेच वळण आठ वेळा घ्यायला लावले. नवव्यांदा तो म्हणाला, मध्यावर. मग तिने पुढचा अँटी-रोल बार (वळणात गाडीला एका अंगावर झुकू न देणारा दांडा) थोडा मऊ केला, बाकी कशाला हात लावला नाही. गाडी वळली. पुढच्या खेपेला ती म्हणाली, अजून मऊ केलाय. तो खूश, "आता झकास!" तिने काहीच बदलले नव्हते. गॅरेजभर हशा पिकला, पोराचे कान लाल. पण तेव्हापासून तो 'झकास' म्हणण्याआधी फेरीला लागलेला वेळ बघतो, आणि ती त्याचा प्रत्येक शब्द आकड्यांशी ताडून घेते. ही शिकवणी खऱ्या ट्रॅकवर द्यायची तर टायर, पेट्रोल आणि दिवस किती जातील? फॉर्म्युला वनमध्येही २००९ पासून हंगाम चालू असताना चाचण्यांवर कडक बंधने आली, तसे सिम्युलेटरचे महत्त्व वाढले. सेबास्टियन ब्यूमीसारख्या मुरलेल्या चालकाने रेड बुल चमूसाठी सिम्युलेटरवर हेच काम केले आहे.

पत्रलेखकाचे एक म्हणणे मात्र मला पटते. सिम्युलेटरमध्ये भीती नसते. अनमोड घाटात धुक्यातून समोर ट्रक आला की शिष्याचे हात कसे थंड पडतात, ते मी पाहिले आहे. इथे कठड्यावर आदळले की एक बटण, गाडी पुन्हा नवी कोरी. दुसरा धोका असा की संगणकात भरलेला टायर खऱ्या टायरसारखा नसेल, तर पोर चुकीची सवय घोटून घोटून पक्की करतो. म्हणून सिम्युलेटर आणि रस्ता दोन्ही हवेत, आणि एकातले आकडे दुसऱ्याशी जुळतात का, हे सतत तपासायला हवे.

माझी मागणी छोटी आहे. एखाद्या महाविद्यालयाने या मुलांना न गळणारी खोली द्यावी (एकीकडे विचारले, तर 'गेमसाठी जागा नाही' असे उत्तर मिळाले), आयटीआयच्या मोटर मेकॅनिकच्या मुलांनाही तिथे बसू द्यावे, आणि पाऊस सरल्यावर महिन्यातून दोन रविवार एखादे बंदिस्त डांबरी आवार उघडून द्यावे. पाना धरणाऱ्या मुलालाही ड्रायव्हरचे गाऱ्हाणे ऐकायची सवय लागली पाहिजे.

गुरुवारच्या पत्रलेखकांना आग्रहाचे आमंत्रण: कुठल्याही रविवारी चारनंतर या, सीट तुमचीच. फक्त दुपारचे जेवण हलके घ्या.

आपला वाचक,
एक निवृत्त ड्रायव्हिंग मास्तर, फोंडा