भूक वाढलीय की मेलीय?

चि. ओंकारला अनेक आशीर्वाद.

चार महिन्यांत तुझं वजन ६८ किलोचं ६३ झालं, आणि खापर तू मेसवर फोडतोस. मेसचं जेवण बेचव असेलही. पण डाएट नाही, व्यायाम वाढवलेला नाही आणि सहा ते बारा महिन्यांत वजन पाच टक्क्यांहून जास्त उतरलं, तर तपासायलाच हवं. तुझे पाच टक्के म्हणजे ३.४ किलो. वजन एकाच काट्यावर बघ, सकाळी अनशापोटी. जिममध्ये घाम गाळल्यावरचं धरू नकोस.

मग आधी भुकेचं बघ.

भूक चांगली असून वजन उतरत असेल, तर पहिला संशय मधुमेहाचा. घशाला कोरड पडते का, रात्री दोन-तीनदा लघवीला उठावं लागतं का? साखर पेशीत शिरत नाही, लघवीवाटे निघून जाते आणि शरीर स्वतःची चरबी, स्नायू जाळायला लागतं. चोविशीत कुठला मधुमेह, असं म्हणू नकोस. टाइप वन या वयातही होतो. त्यात उलट्या, पोटदुखी, खोल भराभर श्वास सुरू झाला तर रिपोर्टची वाट न बघता कॅज्युअल्टी गाठायची.

दुसरा संशय थायरॉईड जोरात चालण्याचा. हात समोर ताठ धर, बोटांवर कागद ठेव आणि त्याची कड थरथरते का बघ. सकाळी अंथरुणातच नाडी पूर्ण मिनिटभर मोज. रोजच ९०च्या पुढे जात असेल तर डॉक्टरांना सांग. शौचाला तेलकट, चिकट होत असेल तर अन्न अंगी लागत नाहीये. त्यामागे जिआर्डिया हा आतड्यातला परजीवी किंवा गव्हाचा सीलिअॅक आजार असू शकतो.

भूक मेली असेल तर आपल्याकडे आधी टीबी. संध्याकाळची कणकण, उशी भिजवणारा घाम, दोन आठवड्यांवरचा खोकला. खोकला नसला तरी टीबी सुटत नाही. तो पोटात किंवा मानेच्या गाठीतही होतो. न दुखणारी गाठ लागली तर लिम्फोमा, म्हणजे लसिका ग्रंथींचा कॅन्सर, तोही तपासतात, पण लगेच तिकडे धावू नकोस. मन उदास असलं तरी भूक जाते. तेही सांगायचं, लाजायचं नाही.

सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), ईएसआर (अंगात दाह आहे का ते), उपाशीपोटीची साखर, एचबीएवनसी (दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर), टीएसएच (थायरॉईडसाठी), क्रिएटिनिन (किडनीसाठी), लिव्हर, एचआयव्ही, लघवी आणि छातीचा एक्स-रे, एवढ्यावर बरंच कळतं. उपाशी साखर १२६ किंवा जास्त, नाहीतर एचबीएवनसी ६.५ किंवा जास्त आलं तर मधुमेह धरतात; त्रास नसेल तर पुन्हा तपासून. थुंकी मागितली तर सकाळी खोल खोकून बेडका द्यायचा, लाळ नव्हे. लाळेत टीबीचे जंतू सहसा सापडत नाहीत.

तोवर केमिस्टकडून भूक वाढवायचं सिरप आणू नकोस, आणि मनाने लिव्होफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक तर मुळीच नको: टीबी थोडा दबतो, निदान लांबतं. केसांसाठी घेतोस त्या गोळीत बायोटिन असतं. त्याने थायरॉईडचा आजार नसताना तो जोरात चालतोय असा खोटा रिपोर्ट येऊ शकतो. गोळी आजच थांबव, रक्त शनिवारी दे.

– आई