सोरायसिस आणि थायरॉईड एकाच केस पेपरवर यावेत

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य,
यांस सविनय नमस्कार.

मी 14 वर्षे सोरायसिसची रुग्ण आहे. चट्ट्यांसाठी त्वचा विभाग आणि थकव्यासाठी मेडिसिन विभाग, असे दोन स्वतंत्र केस पेपर घेऊन मी दीर्घकाळ फिरले. केस गळतात, त्वचा कोरडी पडते, अंगात त्राण राहत नाही, ही सारी लक्षणे सोरायसिसच्याच खात्यावर जमा होत गेली आणि थायरॉईडचे काम मंदावले की रक्तात वाढणाऱ्या टीएसएच या संप्रेरकाची साधी तपासणी तिसऱ्या वर्षी झाली. तोवर थायरॉईडचे कार्य बरेच मंदावले होते.

सोरायसिस हा केवळ कातडीचा आजार नाही. त्यात शरीराची प्रतिकारशक्ती बिघडलेली असते आणि हाशिमोटो या थायरॉईडच्या आजारातही मूळ बिघाड प्रतिकारशक्तीचाच असतो. सोरायसिससोबत सांधे सुजणाऱ्या रुग्णांमध्ये, विशेषतः स्त्रियांमध्ये, थायरॉईडविरोधी प्रतिपिंडे (अँटीबॉडीज) अधिक प्रमाणात आढळल्याचे काही अभ्यास सांगतात. सर्व अभ्यासांचे यावर एकमत नाही आणि एका आजारामुळे दुसरा होतो असेही सिद्ध झालेले नाही. म्हणून प्रत्येक रुग्णाची सरसकट तपासणी करा, असे मी म्हणत नाही. ज्यांचे सांधे सुजतात किंवा ज्यांना थायरॉईडची लक्षणे आहेत, त्यांची तरी ती वेळेवर व्हावी.

औषधांची बाब मला याहून तातडीची वाटते. थायरॉईडचा स्राव वाढल्यावर होणारी धडधड शमवण्यासाठी दिले जाणारे प्रोप्रॅनोलॉल सोरायसिस भडकवू शकते. मानसिक आजारावरचे लिथियम तर सोरायसिस वाढवू शकते आणि थायरॉईडही मंदावू शकते. केस व नखांसाठी आम्ही अनेकजणी बायोटिन या जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेतो. मोठ्या मात्रेत ते रक्तात असेल, तर काही तपासणी-पद्धतींत टीएसएच खोटेच कमी दिसते. रक्त देताना मला बायोटिनविषयी आजवर एकदाही कोणी विचारलेले नाही.

सोरायसिसकडे गांभीर्याने पाहण्याचा ठराव जागतिक आरोग्य सभेने 2014 मध्येच केला आहे. आपल्या विभागाने एक परिपत्रक काढून शासकीय रुग्णालयांत अशा रुग्णांच्या दोन्ही विभागांतील नोंदी एकाच केस पेपरवर आणाव्यात, त्यावर चालू औषधांची यादी सक्तीची करावी आणि प्रयोगशाळेच्या अर्जात बायोटिनचा रकाना ठेवावा, ही नम्र विनंती.

आपली विश्वासू,
एक सोरायसिस रुग्ण